बांडी सुटली

अबुटो मास्तरची मोटारसायकल त्या शुक्रवारी सकाळी डिस्मसनं ढकलत ढकलत माझ्या टपरीपुढं आणली, तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. चाळीस वर्षांची गाडी. तिचा मूळचा रंग कुठला होता हे फक्त मला आणि मास्तरला ठाऊक. आता तिला टाकीपासून मडगार्डपर्यंत काळाकुट्ट चकचकीत रंग फासलेला होता. नट नाही, बोल्ट नाही, काहीही सोडलेलं नव्हतं.

"शवपेटी रंगवून उरलेला डबा संपवलास काय रे?" मी डिस्मसला विचारलं.

डिस्मस मास्तरचा पुतण्या. तिशी ओलांडलेला, तीन लेकरांचा बाप, न्दोरीच्या चौकात भाड्याची मोटारसायकल चालवतो. एरवी तोंडाला तोंड देतो. त्या दिवशी त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि दिव्याकडं बोट दाखवलं.

"काका, चेष्टा नको. दिवा लागत नाही."

"रंगाआधी लागत होता?"

"मिणमिणत होता. काजव्याएवढा. आता तेवढाही नाही."

आमच्याकडे मयताच्या गाड्या भर उन्हात दिवे लावून चालतात, आणि मास्तरला त्या दिवशी बोंडोच्या शवागारातून घरी आणायचं होतं. सगळ्या गाड्यांच्या पुढं त्याची स्वतःची मोटारसायकल असेल आणि तिचा दिवा पेटलेला असेल, असं त्याच्या बायकोनं, सिप्रोसानं, ठणकावून सांगितलं होतं. पेटी बोंडोहून एकला निघणार, दोनपर्यंत न्दोरीत पोचणार, माझ्या टपरीसमोरून वळून टेकडीवरून घरी जाणार. म्हणजे माझ्या हातात पाच तास होते. दिव्याच्या कामाला एरवी अर्धा तास पुरतो, म्हणून मी निवांत पाना शोधायला लागलो.

"आणि काका," डिस्मस म्हणाला, "मागाक काका येतायत इकडं. गाईचं बोलायला."

"कसल्या गाईचं?"

"ते तेच सांगतील," म्हणाला, आणि चहा आणतो म्हणून सटकला.

अकरा वर्षं मी त्या गाडीला हात लावला नव्हता. तशी ती रोज दिसायची. माझी टपरी रस्त्याला लागून, मास्तरची शाळा रस्त्याच्या ह्या टोकाला, घर टेकडीपलीकडं. जायचा यायचा रस्ता एकच. मी खाली वाकून कुणाचा तरी डायनामो उघडत असायचो आणि तो माझ्या पाठीमागून निघून जायचा. इंजिनाच्या आवाजावरून मला कळायचं तो आहे ते, आणि माझ्या पाठीवरून त्याला कळायचं मला कळलंय ते. म्हातारपणी माणसं अशी मूर्खासारखी वागतात.

त्याआधीची पंचवीस वर्षं वेगळी होती. चौऱ्याऐंशी साली एक गोरा पाद्री मायदेशी परत जाताना ही गाडी मास्तरला देऊन गेला. तेव्हा तिच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या होत्या, आणि मी नुकतंच वायरिंगचं काम शिकून किसुमूहून आलो होतो. मास्तर गुराख्याच्या घरातला. वर्गातल्या पोरांची नावं विसरायचा, पण आजोबांच्या कळपातल्या मरून वीस वर्षं झालेल्या गाईचं कुठलं शिंग कुठं वळलं होतं ते सांगायचा. स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूनं धरायचा हे त्याला शेवटपर्यंत आलं नाही. तरी शाळा सुटली की इथं येऊन बसायचा, माझ्या हाताकडं बघत, आणि तोंडाची टकळी चालू. अंधार पडायला लागला की उठायचा. टपरीपासून निघताना दोनदा हॉर्न वाजवायचा. टेकडीच्या माथ्यावर त्याचा दिवा दिसला की तिकडं सिप्रोसा चुलीवर कुऑनचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, आधण ठेवायची. दिवा दिसल्यापासून दारात पोचेपर्यंत पाण्याला उकळी येते, असा तिचा हिशेब होता, आणि तो कधी चुकला नाही. चुकलाच तर मास्तर वाटेत कुणाशी तरी बोलत थांबलाय असं धरायचं. हे तिनंच मला सांगितलं होतं, हसत हसत, माझ्या ताटात वाढताना. मी तिथं किती वेळा जेवलो असेन, देवाला माहीत.

मग एका संध्याकाळी टेकडीच्या उतारावर दिवा गेला आणि मास्तर एका गाढवावर आदळला. गाढवाला काही झालं नाही, मास्तरचं खांद्याचं हाड मोडलं. पुढच्या रविवारी चर्चबाहेर, हात गळ्यात, चार लोकांत तो माझं नाव घेऊन म्हणाला, "वासोंगाच्या गाठी आता म्हाताऱ्या झाल्या." थट्टाच केली असेल. त्याला थट्टेशिवाय बोलताच यायचं नाही. पण लोक हसले, आणि मला ते झोंबलं. मी म्हटलं, "मग तरण्या हातांकडं जा." आणि तो खरंच गेला. बोंडोच्या एका दुकानात त्यानं सगळ्या वायरी नव्या घालून घेतल्या. आठवड्यानं गाडी माझ्या टपरीवरून गेली, दिवा लख्ख, हॉर्न वाजला नाही. एवढंच भांडण. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

तर मी बाकड्यावर हत्यारं मांडली आणि मागाक आला. मागाक म्हणजे अबुटोचा थोरला भाऊ. ऐंशीला टेकलेला, हातात माश्या हाकायची शेपटी, कपाळावर कायम आठ्या. त्याच्यामागं सिप्रोसा. तिला इतक्या जवळून मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पार पांढरे झाले होते.

"वासोंगा, गाय कुठाय?" मागाकनं विचारलं.

"आधी बसा तरी."

"बसायला आलो नाही," असं म्हणून तो माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला.

आमच्यात माणूस आपली सगळी गुरं आपल्याच गोठ्यात ठेवत नाही. एक इथं, एक तिथं, विश्वासातल्या माणसाच्या कळपात सोडतो. रोग आला, चोर आले तर सगळीच जायला नकोत. कुणाकडं कुठली गाय आहे ते त्याचं त्याला ठाऊक, आणि जाताना तो घरच्यांना सांगून जातो. त्यामुळं मरणाऱ्याच्या तोंडून गाईचं नाव निघालं की आख्ख्या घराचे कान टवकारतात.

"अबुटो तुझं नाव घेऊन बोललाय," मागाक म्हणाला. "साक्षीदार आहे. सांग गं, उयोमाची, काय म्हणाला तो."

सिप्रोसाचं माहेर उयोमा, म्हणून सासरी तिला सगळे त्याच नावानं हाक मारतात. ती माझ्याकडं न बघता, शाळेतली पोरं पाढा म्हणतात तसं म्हणाली, "'वासोंगाला सांगा, बांडी खुंट्यावरून सुटलीय. त्यानंच येऊन बांधावी. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.' एवढंच म्हणाले, भावोजी. दोनदा म्हणाले."

"ऐकलंस?" मागाक म्हणाला. "बांडी. म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. आणि ती तुझ्याकडं आहे."

माझं डोकं तडकलं. "माझ्या गोठ्यात पाच गुरं आहेत. त्यातलं एकही बांडं नाही. जा, मोजून ये."

"मोजली. काल सकाळीच मोजली, तू इथं होतास तेव्हा."

"मग?"

"मग विकली असशील. किंवा मेली असेल आणि तू बोलला नसशील. अकरा वर्षं तुम्ही दोघं बोलत नव्हता ते उगीच का? आज कळलं सगळ्यांना कारण."

मी पाना खाली ठेवला. हातात राहिला असता तर काही खरं नव्हतं. आयुष्यात मला कुणी आळशी म्हटलंय, तोंडाळ म्हटलंय, बायको तर काय काय म्हणायची. चोर कुणी म्हटलं नव्हतं. आणि तेही मित्राच्या गाईचा.

"दिवा दुरुस्त कर तू," मागाक म्हणाला, "कारण हिचा हट्ट आहे. पण गाईचा निकाल लागेपर्यंत पेटीपुढं चालायचं नाही. आणि उद्या खड्ड्यात मूठभर मातीसुद्धा टाकायची नाहीस. घरातल्यांनी ठरवलंय."

"घरातल्यांनी ठरवलंय," मी म्हटलं, "म्हणजे तू ठरवलंयस."

"दोन्ही एकच."

सिप्रोसानं मध्येच हात वर केला. "गाय राहू द्या आज. वासोंगा भावोजी, तेवढा दिवा लावून द्या. शेवटचे तीन महिने टेकडीवर काही दिसायचंच नाही. ते दारात येऊन उभे राहायचे आणि माझं पाणी गारच. मी बोंडोला जात नाही, घरीच थांबते. मला एकदा तो तिथं दिसू दे." मग ती डिस्मसच्या गाडीवर मागं बसून गेली. मागाक मात्र खुर्चीतून हलला नाही. चोरावर नजर ठेवायची होती त्याला.

मी कामाला लागलो. राग आला की माझे हात चांगले चालतात. दिव्याची काच उतरवली, बल्ब काढला, दोन वायरींनी थेट बॅटरीला लावून बघितला. लख्ख पेटला. म्हणजे बल्ब जिवंत, बॅटरी भरलेली. डिस्मसनं ती मोबाइल चार्ज करणाऱ्याकडं चांगली भरून आणली होती, तेवढी अक्कल त्यानं दाखवली होती. फ्यूज बघितला, शाबूत. हँडलवरचं बटण उघडलं. आत हिरवा गंज साठला होता, तो पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलनं पुसला, परत बसवलं. दिवा काही लागला नाही.

"होतंय का?" मागाक.

"तुझ्यासारखं बसून बघितलं तर होणार नाही."

बारा वाजून गेले. ऊन पत्र्यावर तापलं. माझ्याकडं एक लहानसा बल्ब आहे, त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या. एक टोक बॅटरीच्या थंड, म्हणजे निगेटिव्ह, बाजूला लावायचं आणि दुसरं जिथं शंका असेल तिथं टेकवायचं. बल्ब पेटला तर करंट तिथवर पोचतोय. मी फ्यूजपाशी टेकवलं, पेटला. बटणापाशी टेकवलं, पेटला. दिव्याच्या होल्डरमध्ये आत घातलं, तिथंही पेटला. म्हणजे करंट थेट दारापर्यंत येतोय आणि दिवा तरी लागत नाही. मग उलटं केलं. एक टोक बॅटरीच्या गरम बाजूला, दुसरं दिव्याच्या लोखंडी वाटीला. काही नाही. मिणमिणसुद्धा नाही.

येणारा करंट परतही जावा लागतो, हे गिऱ्हाइकाला कधी पटत नाही. दिव्यातून निघून गाडीच्या सांगाड्यातून तो बॅटरीकडं परत फिरला पाहिजे. इथं परतीची वाट बंद होती. दिव्याच्या वाटीपासून सांगाड्यापर्यंत रंगाचे थर, हँडलच्या सांध्यात ग्रीस. मी डिस्मसच्या नावानं दोन शिव्या मोजल्या आणि बॅटरीकडचं टोक बघायला सीट उघडली.

सीटखाली बोंडोवाल्याच्या वायरी होत्या. प्लास्टिकच्या, लाल, पिवळ्या, निळ्या, दुकानातून आणलेल्या. मला वाटलं होतं तशाच. पण प्रत्येक वायरीला एकेक दोरा बांधलेला होता. लालला तांबडा दोरा, पिवळीला पांढरा, निळीला भुरा. रंग उडालेले, मळलेले, पण दोरे मी ओळखले. आणि गाठी बुटाच्या नाडीच्या. मास्तरला दुसरी गाठ येतच नव्हती.

मी तिथंच जमिनीवर बसलो. झालं असं होतं की चौऱ्याऐंशी साली आमच्याकडं वायर मिळत नव्हती. टेलिफोनवाले काम संपवून गेले आणि एक भेंडोळं विसरून गेले, ते सगळं हिरवं. मी आख्खी गाडी हिरव्या वायरीनं बांधली. मग कुठली दिव्याची, कुठली हॉर्नची, कुठली मागच्या लाइटची, काही कळेना. सिप्रोसा तेव्हा खुर्च्यांवर घालायचे रुमाल भरायची. तिच्या टोपलीतले दोरे मास्तर घेऊन आला आणि एकेका वायरीला एकेक रंग बांधत बसला.

"ही कुठली?" त्यानं विचारलं होतं.

"दिव्याची. गरम."

"मग ही तांबडी. आजोबांची तांबडी अशीच तापट होती. आणि ही?"

"हॉर्नची."

"ही ढवळी. दिवसभर हंबरायची."

मागच्या लाइटची भुरी, कारण ती कायम कळपाच्या मागं राहायची. बॅटरी म्हणजे पाणवठा. फ्यूज म्हणजे फाटक. मी म्हणायचो, मास्तर, तू शिकलेला माणूस आहेस, जरा लाज बाळग. तो म्हणायचा, वासोंगा, तुझं पॉझिटिव्ह निगेटिव्ह माझ्या डोक्यात राहत नाही, गाई राहतात. आणि पंचवीस वर्षं आम्ही तसंच बोललो. गाडी घेऊन आला की लांबूनच ओरडायचा, "ढवळी मुकी झालीय आज." मी म्हणायचो, "आण तिला." दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाशी मी असं बोललो नाही. अकरा वर्षांत मी ते सगळं विसरूनही गेलो होतो.

शेवटी एक वायर राहिली होती. गाडी बनवणाऱ्यानं न दिलेली, माझी स्वतःची. हँडलच्या सांध्यातून परतीचा करंट नीट जात नव्हता, म्हणून मी दिव्याच्या वाटीपासून थेट सीटखालच्या बोल्टापर्यंत एक जादा वायर टाकली होती. टोपलीत एकरंगी दोरा उरला नव्हता. मास्तरनं काळा आणि पांढरा एकत्र पिळला.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

"ही सांगाड्याला बांधायची. ही सुटली की बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या."

"मग ही बांडी," तो म्हणाला. "आणि हा बोल्ट तिचा खुंटा."

मी बोंडोवाल्याच्या वायरींच्या खाली हात घातला. एक जुनी हिरवी वायर हाताला लागली. बोंडोवाल्यानं सगळं काढून फेकलं होतं, पण ही नव्हती फेकलेली. मास्तरनं फेकू दिली नसणार. तिचं टोक, माझ्या हातानं तांब्याचा वेढा घालून बनवलेलं, बोल्टावरून निसटून लोंबत होतं. त्याला काळ्यापांढऱ्या दोऱ्याचा पीळ.

मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. मागाकनं खुर्ची पुढं ओढली. "काय झालं? शॉक बसला?"

"गप्प बस जरा," मी म्हटलं. त्याला असं आजवर कुणी म्हटलं नसावं. त्यानं खुर्ची परत मागं ओढली.

मी बांडीचा वेढा बोल्टात अडकवला, नट आवळला, बटण दाबलं. दिवा लागला नाही. घड्याळात दीड वाजून दहा मिनिटं झाली होती. क्षणभर मला वाटलं, मास्तर चुकला, मी चुकलो, सगळंच माझ्या मनाचं. मग बोल्टाकडं नीट बघितलं. डिस्मसनं खुंटाही रंगवून ठेवला होता. जाड, गुळगुळीत काळा थर.

"डिस्मस," मी ओरडलो, "इकडं ये. खुंटा कुणी रंगवायला सांगितला होता तुला?"

तो तोवर सिप्रोसाला सोडून परत आला होता. "कसला खुंटा, काका? मी सगळंच रंगवलं. चांगलं दिसावं म्हणून."

"मेलेल्या माणसाला सजवायचं असतं रे बाबा, गाडीला नाही."

चाकूच्या पात्यानं मी बोल्ट खरवडला, खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. पुढं दिव्याच्या वाटीपाशीही तसंच खरवडलं. वेढा परत बसवला, नट आवळला, जोर लावून, मनगट दुखेपर्यंत. मग बटण दाबलं. उन्हात काही कळेना. मी टोपी काढून काचेसमोर धरली, तेव्हा टोपीच्या आत पिवळा उजेड पडला. डिस्मसनं आणि मी दोघांनी टोपीत डोकं घालून तो बघितला.

मागाक उठून जवळ आला. मी त्याला सीटखालचा दोरा दाखवला. "ही घे तुमची गाय."

तो वाकून बघत राहिला. "ही वायर आहे."

"हो. हिचं नाव बांडी. तुझ्या भावानं ठेवलेलं. हा खुंटा. ही सुटली होती, म्हणून तीन महिने दिवा मिणमिणत होता. त्याला कळलं होतं काय झालंय ते. कुणाकडूनही बांधून घेता आली असती, नुसता नट आवळायचा होता. पण तो म्हणाला, वासोंगानंच बांधावी."

"म्हणजे गाय नाहीच?"

"नाही."

मागाकनं शेपटीनं एक माशी हाकलली. माशी नव्हतीच खरं तर. "आम्ही अकरा गोठे हिंडलो," तो म्हणाला.

तेव्हा मला सुचलं ते विचारायचं. "हे तो कधी म्हणाला?"

"दवाखान्यात नेलं त्याच दिवशी."

"आणि गेला कधी?"

"तेराव्या दिवशी." तो माझ्याकडं बघेना. "वासोंगा, आम्हाला वाटलं तुला आधी कळलं तर तू गाय लपवशील. म्हणून उयोमाचीला मीच म्हटलं, त्याला काही कळू द्यायचं नाही. मी थोरला ना. मीच म्हटलं."

बोंडो इथून अर्ध्या तासावर. तेरा दिवस तो तिथं पडून होता आणि तेरा दिवस मी ह्या बाकड्यावर बसून लोकांचे हॉर्न दुरुस्त करत होतो. मला मागाकला मारावंसं वाटलं. पण तो ऐंशीचा म्हातारा, भाऊ गेलेला, चेहरा पडलेला. आणि खरं सांगायचं तर माझं मी जायला मला कुणी अडवलं होतं? तो आजारी आहे हे आख्ख्या न्दोरीला माहीत होतं. मलाही होतं. मी निरोपाची वाट बघत बसलो होतो.

दोनला गाड्या आल्या. आरशांना लाल फिती, सगळ्यांचे दिवे लागलेले, मधल्या गाडीत पेटी. चौकातली माणसं उभी राहिली. डिस्मस मोटारसायकलवर बसायला पुढं झाला, तेव्हा मागाकनं त्याच्या खांद्याला धरून बाजूला केलं.

"तू चल पुढं," तो मला म्हणाला. "तुझीच गाठ आहे ना."

मी एक्काहत्तरचा आहे. मोटारसायकलवर बसून मला पाच वर्षं झाली असतील. डिस्मसनं किक मारून दिली. इंजिनानं तोच जुना आवाज केला, जो मी इतकी वर्षं पाठीनं ऐकला होता. टपरीपासून निघताना मी दोनदा हॉर्न वाजवला. ढवळी चांगली खणखणीत होती.

चढावर मी सावकाश गेलो, मागच्यांना पेटी सांभाळायची होती. माथ्यावर पोचलो तसं खाली घर दिसलं, मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठमोठ्या हंड्यांभोवती बायका. आणि ह्या सगळ्यापासून बाजूला, सिप्रोसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या छपरातून बारीकसा धूर निघायला लागला. मी माथ्यावर येईपर्यंत तो नव्हता.

फाटकाशी ती उभी होती. हाताला पीठ. गाड्या आत शिरत होत्या, रडारड सुरू झाली होती, पण ती माझ्यापाशी आली.

"सापडली बांडी?"

मी तिला सांगितलं. दोरे तिच्याच टोपलीतले, वायर, बोल्ट, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"भावोजी," ती म्हणाली, "ते रोज संध्याकाळी मला विचारायचे. रोज. 'आलं का?' मी म्हणायचे, 'नाही आलं अजून, शोधतायत सगळे.'"

आमच्या बोलीत बाई असो, बाप्या असो, गाय असो, सगळ्यांना एकच शब्द. आलं. कोण आलं ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. आणि घरातले सगळे गाय शोधत होते.

"मला वाटलं गाईचं विचारतायत," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशीसुद्धा मी तेच सांगितलं. शोधतायत म्हणून."

मांडवात पेटी ठेवली होती. मोटारसायकल मी तिच्यासमोर उभी केली होती आणि दिवा बंद केला नव्हता. सहा व्होल्टची बॅटरी, फार वेळ टिकणार नव्हती.

"आत आधण आलंय," सिप्रोसा डोळे पुसत म्हणाली. "आता जाऊन सांगते त्यांना. आलं म्हणून."

"तू पीठ घाल," मी म्हटलं. "मीच सांगतो." आणि टोपी हातात घेऊन मी पेटीकडं गेलो.